विदर्भातल्या दहा खासदारांना खुलं पत्र: पेरणी झाल्यावर कापसाचा नियम बदलू नका

आदरणीय खासदार साहेब आणि ताई,

बुलढाणा, अकोला, अमरावती, वर्धा, रामटेक, नागपूर, भंडारा-गोंदिया, गडचिरोली-चिमूर, चंद्रपूर, यवतमाळ-वाशीम. हे पत्र मी डिसेंबर २०२५ मधे लिहितोय, आणि ते यंदा ऑगस्टमधे, पेरणी होऊन गेल्यावर, सरकारने कापसाच्या आयातीवरची ड्युटी उठवली त्याबद्दल आहे. दहाही मतदारसंघांची नावं मुद्दाम लिहिली कारण हे पत्र कुठल्या एका पक्षाला नाहीये, तुमच्यात सत्तेतले पण आहेत आणि विरोधातले पण, आणि मला जे म्हणायचंय ते सगळ्यांना सारखंच लागू आहे. भंडारा-गोंदियाच्या साहेबांना वाटेल की आमच्याकडे तर धान, आम्हाला कापसाचं पत्र कशाला. पण जुलै २०२३ मधे बिगर बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात एका रात्रीत बंद झाली होती, पीक वावरात उभं असताना, म्हणून तुम्हाला पण.

मी घाटंजी तालुक्यातला. सात एकर कोरडवाहू वावर आहे, पाच एकरात पऱ्हाटी म्हणजे कापूस, दोन एकरात सोयाबीन आणि मधे तुरीच्या ओळी. गावात ऑनलाईन कामाचं छोटं दुकान पण आहे, सातबारा, पीकविमा, ई-पीक पाहणी, सरकारी खरेदीची नोंदणी असलं सगळं तिथे होतं. त्यामुळे स्वतःचा कापूस तर माहीतच आहे, वरून गावातल्या दीडेकशे खातेदारांचे कागद पण डोळ्याखालून जातात आणि कागद देता देता माणूस जे बोलतो ते पण कानावर पडतं.

आमच्याकडे सकाळी चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न काय असतो माहितीये का? "आज अमेरिका काय म्हनते?" हे विचारणारे बाबाजी सत्तरीचे आहेत, चौथीपर्यंत शिकलेले, नागपूरच्या पलीकडे कधी गेले नाहीत, पण न्यूयॉर्कचा वायदा, म्हणजे तिथल्या बाजारातला कापसाचा पुढचा सौदा, रात्री वर बंद झाला की खाली हे त्यांना पाहिजे असतं, कारण जिनवाला, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारा कारखानदार, दुपारी भाव काढताना तेच बघतो. रोज व्हॉट्सॲपवर मेसेज येतो, पौंडाला इतके सेंट, सरकी इतकी, ढेप इतकी. मग कुणीतरी मोबाईलवर गुणाकार करतं. आपली रुईची, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची, खंडी ३५६ किलोची असते, हा असा अर्धवट आकडा कुठून आला हे मला बरेच दिवस कळत नव्हतं, नंतर समजलं की ती ७८४ पौंडांची आहे, इंग्रजांच्या मापातली. इंग्रज जाऊन ७८ वर्षं झाली पण कापूस आपण अजून त्यांच्याच मापात विकतो.

हे एवढ्यासाठी सांगितलं की जागतिकीकरण म्हटलं की टीव्हीवर चर्चा करणारे लोक १९९१ पासून सुरुवात करतात, मोठी शहरं, मोबाईल, मॉल, सॉफ्टवेअर वगैरे. वऱ्हाडात ते त्याच्या सव्वाशे वर्षं आधी येऊन बसलंय. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडच्या दक्षिणेचा कापूस बंदरातच अडकला, मँचेस्टरच्या गिरण्यांना माल मिळेना आणि त्यांची नजर आपल्या काळ्या मातीवर पडली. वऱ्हाड तेव्हा नुकताच, म्हणजे १८५३ ला, निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेला. भाव असे चढले की ज्वारीची वावरं पऱ्हाटीखाली गेली, हिंगणघाटच्या कापसाचं नाव विलायतेत व्हायला लागलं, रेल्वे अकोला बडनेरा करत १८६७ ला नागपूरला पोचली, खामगावचा कापूस उचलायला म्हणून खास फाटा टाकला आणि १८७० ला त्याच्या उद्घाटनाला व्हॉइसरॉय स्वतः आला. आणि या सगळ्याच्या मधे, १८६५ ला, अमेरिकेतली लढाई थांबली. भाव पडले. मुंबईत शेअरवाले बुडाले ते इतिहासात सगळ्यांना शिकवतात, पण भावाच्या भरवशावर सावकाराकडून पैसे उचलून बसलेल्या शेतकऱ्याचं काय झालं ते एका ओळीत संपवतात. १८७५ ला पुणे-नगरकडे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्या कर्जामागच्या कारणांमधे हा कापसाचा चढउतार पण होता.

आमच्या यवतमाळची शकुंतला तुम्हाला माहीतच असेल, मूर्तिजापूरला जाणारी नॅरोगेज गाडी. ती माणसांसाठी टाकलेली नव्हतीच, कापूस मेन लाईनवर नेऊन टाकायला होती, तिथून मुंबई, तिथून जहाज. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं इंजिन १९९४ पर्यंत तिला ओढत होतं. मी लहानपणी त्या गाडीत बसलोय, धूर डोळ्यात जायचा, कपडे काळे व्हायचे. आता बंद आहे, रुळांवर काटेरी बाभळी वाढल्यात, पण तिचा रस्ता नकाशावर बघितला की कळतं ती कुणासाठी काढली होती.

म्हणून कुणी म्हणालं की कापूसवाल्यांना जगाची सवय नाही, त्यांना बाजार समजत नाही, तर मला ते फार लागतं. आमच्याइतकी जगाची सवय कुणाला आहे? पाच पिढ्या झाल्या, कुठे लढाई झाली, कुठल्या देशाने साठा केला, कुठे दुष्काळ पडला याच्यावर आमच्या पोरींची लग्नं पुढेमागे झाली आहेत.

आणि आम्ही बंद दरवाजे पण बघितले आहेत. १९७२ पासून महाराष्ट्रात एकाधिकार खरेदी होती, कापूस फक्त सरकारलाच द्यायचा, बाहेर नेला तर गुन्हा. माझे बाबा सांगतात, बैलगाडीत कापूस घेऊन दोन-दोन रात्री खरेदी केंद्राबाहेर रांगेत झोपायचं, थंडीत कापसातच अंग खुपसायचं, मग ग्रेड लागायची, मग चुकाऱ्याची वाट बघायची. पलीकडे आदिलाबादला भाव जास्त असायचा आणि रात्री गाड्या चोरून सीमेपलीकडे जायच्या. स्वतःच्या वावरातला माल चोरासारखा न्यावा लागायचा हे बाबा आजपण सांगतात तेव्हा त्यांचा आवाज बदलतो. त्यामुळेच शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी खुल्या बाजाराची बाजू घेतली, डंकेल प्रस्तावाला, म्हणजे जगाचा व्यापार खुला करायच्या कराराच्या मसुद्याला, जवळपास सगळे विरोध करत असताना ते त्याच्या बाजूने उभे राहिले, तेव्हा आमच्याकडचे हजारो लोक त्यांच्या मागे होते. बाबा सभेला जायचे, छातीला लाल बिल्ला लावून. जोशींचं म्हणणं सरळ होतं की सरकार आम्हाला मदत करत नाही, उलट भाव पाडून आमच्याकडून काढून घेतं, उणे सबसिडी, तर निदान मधून बाजूला व्हा आणि आम्हाला जगात विकू द्या. १ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना सुरू झाली तेव्हा भीती होती तसा विश्वास पण होता. मला वाटतं तो विश्वास चुकीचा नव्हता.

पण पुढे काय झालं ते ओळीने बघा, मी फक्त तारखा सांगतो.

२०१० च्या एप्रिलमधे जगात भाव चढायला लागले, निर्यात थांबवली. २०११ ला न्यूयॉर्कला पौंडाला दोन डॉलरच्या वर भाव गेला होता, तसा त्याआधी कधी गेला नव्हता. ५ मार्च २०१२ ला पुन्हा निर्यातबंदी, आठवड्याभरात गोंधळ होऊन मागे घ्यावी लागली पण तेवढ्यात ज्यांनी विकलं त्यांनी पडत्या भावात विकलं. मग फेब्रुवारी २०२१ च्या बजेटमधे आयातीवर ड्युटी लावली, सगळं मिळून ११ टक्के, आम्हाला बरं वाटलं. एप्रिल २०२२ मधे, म्हणजे बऱ्याच वर्षांनी कापूस दहा-बारा हजारावर गेला होता तेव्हा, ती ड्युटी उठवली. ठीक आहे, भाव खूपच होता, गिरण्या बंद पडत होत्या, ते मी समजू शकतो. पण यंदाचं मला समजत नाही, आणि हे पत्र त्याच्यासाठीच आहे.

२८ मे २०२५ ला केंद्र सरकारने हमीभाव जाहीर केला. क्विंटलला लांब धाग्याला ८,११०, मध्यम धाग्याला ७,७१०. त्याच आठवड्यात मी कृषी केंद्रात जाऊन बीटी बियाण्याची दहा पाकिटं घेतली, एका पाकिटाचा सरकारी कमाल भाव ९०१ रुपये. माझ्या दुकानात बसून लोक हिशोब करत होते, यंदा सोयाबीन कमी करू, पऱ्हाटी वाढवू, सरकारनेच आठ हजाराच्या वर सांगितलंय म्हणजे बाजार निदान साडेसातपर्यंत तर राहील. जूनमधे टोबणी झाली. दोन निंदण झाले, डवरे फिरले, खताचा पहिला हात झाला, पातं लागलं. आणि १९ ऑगस्टपासून कापसाच्या आयातीवरची ११ टक्के ड्युटी शून्य. पोळा तीन दिवसांवर होता. आधी म्हणाले ३० सप्टेंबरपर्यंतच आहे, त्यावेळी आमचा कापूस बाजारात नसतो, तर काळजी करू नका असं आम्हाला सांगणारे पण होते. २८ ऑगस्टला ती मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली.

ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. साहेब, हेच तीन महिने तर लहान शेतकरी विकतो. ज्याच्याकडे पंचवीस एकर आहे, पक्कं घर आहे, माल ठेवायला खोली आहे, तो मार्चपर्यंत थांबतो. ज्याच्याकडे तीन एकर आहे तो पहिल्या वेचणीचा कापूस दिवाळीला विकतो कारण त्याला वेचाईचे पैसे द्यायचे असतात, कृषी केंद्राची उधारी असते, पोरांना कपडे घ्यायचे असतात. १ जानेवारीला ड्युटी परत लागेल तेव्हा त्याच्या घरात कापूस नसेलच. म्हणजे सूट नेमकी त्याच दिवसांची होती ज्या दिवसात सगळ्यात गरीब माणूस विकायला निघतो, आणि ही तारीख ज्याने लिहिली त्याला हे माहीत नसेल तर वाईट आणि माहीत असेल तर त्याहून वाईट.

मी माझा हिशोब सांगतो, कारण टक्क्यांमधे कुणाला काही कळत नाही. न्यूयॉर्कला पौंडाला ६५ सेंट धरा. खंडी झाली ५१० डॉलरची, रुपयात ४४-४५ हजार. त्याच्यावर ११ टक्के म्हणजे खंडीला पाच हजाराच्या जवळ. क्विंटलभर कापसातून रुई निघते ३४ किलोच्या आसपास, तर त्या हिशोबाने एका क्विंटलमागे साडेचारशे ते पावणेपाचशे रुपयांचा आधार निघून गेला. सगळी पडझड या एका निर्णयाने झाली असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. जगात भाव मुळातच मंद होता, ब्राझीलने कापूस इतका वाढवलाय की निर्यातीत त्यांनी अमेरिकेला मागे टाकलं, त्यांचं हेक्टरी उत्पादन आपल्या चौपटीच्या आसपास आहे, मोठमोठ्या मशीनने वेचतात, चीनची मागणी पूर्वीसारखी नाही. पण भाव आधीच हमीभावाच्या खाली असताना जो एक बांध होता तोच तुम्ही फोडला. पूर आलेला असताना बांध फोडायचा असतो का?

यंदा माझा आतापर्यंत १२ क्विंटल कापूस खेडा खरेदीत, म्हणजे खासगी व्यापाऱ्याला, गेला, सरासरी ६,९०० ने. हमीभावापेक्षा १,२१० कमी. बारा क्विंटलचे झाले १४,५२०. यात माझी बियाण्याची दहाच्या दहा पाकिटं आणि वरून डीएपीच्या चार बॅगा येतात. कुणी म्हणेल सरकारी केंद्रावर का नाही दिला. तर नेला होता ना. सप्टेंबरमधे पाऊस किती पडला तुम्हाला माहीत आहे, बोंडं झाडावर भिजली, पहिल्या वेचणीचा कापूस चार दिवस अंगणात, ओट्यावर, बाजेवर, जागा मिळेल तिथे सुकवला, बायको रात्री उठून दव पडतंय का बघायची आणि ताडपत्री टाकायची. केंद्रावर ओलाव्याचा मीटर घातला तर १४ टक्के दाखवला. नियम ८ ते १२ टक्क्यांचा आहे. मशीनची चूक नव्हती, ग्रेडरची पण नव्हती, तो बिचारा वाईट वाटून म्हणाला की अजून आठ दिवस सुकवून आणा. पण गाडीचं भाडं दिलेलं, परत न्यायचं पुन्हा भाडं, आणि घरी वेचाईचे पैसे मागायला बाया आलेल्या. रस्त्यातच विकला.

त्या बायांबद्दल पण थोडं लिहू द्या, कारण जागतिक बाजार म्हणतात त्याच्या एकदम खालच्या टोकाला त्या उभ्या आहेत. सकाळी दहाला येतात, ओटी बांधतात, वाकून वेचतात, एका बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटांना किती ओरखडे पडतात ते तुम्ही एकदा हातात घेऊन बघा. किलोला अकरा रुपये. चांगल्या वावरात दिवसभरात चाळीस-पन्नास किलो होतात, यंदा भिजलेल्या कापसात पंचवीस-तीसच्या वर जात नव्हते. संध्याकाळी वजन करताना एक आजी मला म्हणाली, "बापू, पावसानं आमचीबी मजुरी नेली." माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाव पडला की मी त्यांना बाराचे अकरा करतो. पुढे त्या कुणाचे काय करणार?

आता दुसरी बाजू. तुम्ही म्हणाल अमेरिकेने ऑगस्टमधे आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ लावलं, तामिळनाडूत तिरुपूरच्या कपडे कारखान्यांच्या ऑर्डरी गेल्या, गिरण्यांना स्वस्त कापूस दिला नसता तर लाखो लोकांचं काम गेलं असतं. खरं आहे. तिरुपूरमधे शिलाई मशीनवर बसलेली मुलगी पण कुणा शेतकऱ्याचीच असेल, ओडिशाची, झारखंडची. तिच्या पगारावर माझा डोळा नाही. आणि २००५ ला जगातला कापडाचा कोटा, म्हणजे कुठल्या देशाने किती विकायचं याची मर्यादा, संपल्यावर बांगलादेशने आपल्याला तयार कपड्यांमधे मागे टाकलं, त्यांना युरोपात ड्युटी लागत नाही, ते आपलंच सूत घेऊन शर्ट शिवतात आणि विकतात, हे पण मला माहीत आहे. गिरणीवाल्याची अडचण खोटी नाही. पण तिरुपूरला मदत करायची होती तर सरकारच्या तिजोरीतून करा, व्याज माफ करा, विजेत सूट द्या, नवीन देश शोधून द्या. सगळा देश मिळून तो खर्च करेल. घाटंजी, राळेगाव, वरोरा, दर्यापूरच्या पऱ्हाटीतून कापून का दिली? अमेरिकेने टॅरिफ लावलं आणि त्याच्यावर उपाय म्हणून आपण अमेरिकेच्या कापसाला दार उघडलं, हे कुठल्या शेतकऱ्याला कसं समजावून सांगू? मला दुकानात रोज विचारतात.

आणि अमेरिकेचा शेतकरी उघड्यावर नाहीये. ब्राझीलने २००२ ला त्यांच्या कापसाच्या सबसिडीविरुद्ध व्यापार संघटनेत केस टाकली, जिंकली, अपिलात २००५ ला पुन्हा जिंकली, आणि शेवटी काय झालं, २०१४ ला अमेरिकेने ब्राझीलला ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. सबसिडी दुसऱ्या नावाने चालू राहिली. आफ्रिकेतले चार गरीब देश, बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली, २००३ पासून तेच सांगत आहेत की तुमच्या सबसिडीमुळे आमचा शेतकरी मरतो, त्यांचं अजून कुणी धड ऐकलेलं नाही. माझ्यासारखा कोरडवाहू शेतकरी त्या मालीच्या माणसाच्या जास्त जवळचा आहे, टेक्सासच्या नाही. फरक एवढाच की मालीपेक्षा आपला देश खूप मोठा आहे, आपण बोललो तर ऐकावं लागतं. मग आपण आपल्या माणसासाठी का बोलत नाही?

तंत्रज्ञानाचं पण असंच अर्धं झालं. मार्च २००२ मधे बीटीला, म्हणजे बोंडअळीला तोंड द्यायला जनुक बदललेल्या बियाण्याला, परवानगी मिळाली, मी कॉलेजला होतो, दोन-तीन वर्षांत गावात दुसरं बियाणं दिसेना. सुरुवातीला खरंच फायदा झाला, हिरव्या बोंडअळीची फवारणी कमी झाली, उत्पादन वाढलं, नाही म्हणणार नाही. पण २०१७ येईपर्यंत गुलाबी अळी त्याला दाद देईना, त्याच वर्षी फवारणी करताना विषबाधा होऊन एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या वर माणसं गेली, डोक्याच्या वर वाढलेल्या पऱ्हाटीत शिरून, तोंडाला रुमाल बांधून फवारत होते. औषध बाहेरचं, तंत्रज्ञान बाहेरचं, भाव बाहेरचा, आणि हातमोजे मात्र इथल्या माणसाने स्वतःचे आणायचे. त्यानंतर नवीन काही आलं नाही, चोर बीटीची, म्हणजे परवानगी नसलेल्या बियाण्याची, पाकिटं रात्री गावात येतात, पकडला गेला तर शेतकरीच गुन्हेगार. बाकी देश पुढच्या बियाण्यावर गेले, आम्ही वीस वर्षांपूर्वीच्या बियाण्यावर त्यांच्याशी स्पर्धा करतो आणि वर ऐकून घेतो की तुमची उत्पादकता कमी आहे.

नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ ची. जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून नागपुरात गिरणी काढली कारण कापूस इथे होता. आता ती नाही, आमच्याकडच्या बऱ्याच गिरण्या नाहीत, कापूस गाठी बांधून कोइंबतूरकडे जातो आणि टीशर्ट होऊन परत येतो. अमरावतीजवळ नांदगाव पेठला पीएम मित्र पार्क, म्हणजे कापड उद्योगाची वसाहत, होतंय, २०२४ ला भूमिपूजन झालं, मला त्याची खरंच आशा आहे, आणि तुम्ही सगळे त्याचं श्रेय घ्या, माझी हरकत नाही. फक्त तिथे गिरण्या उभ्या राहीपर्यंत आजूबाजूला पऱ्हाटी लावणारा माणूस शिल्लक राहिला पाहिजे. माझ्या गावात तिशीच्या आतली किती पोरं शेती करतात सांगू? चार. बाकीची पुण्याला, हैदराबादला, रांजणगावच्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर. त्यातला एक मागच्या महिन्यात आला होता, त्याच्या बापाच्या नोंदणीसाठी ओटीपी त्याच्याच मोबाईलवर येतो म्हणून सुट्टी टाकून आला होता.

तर मागणी काय ते सांगतो, जास्त लांबड लावत नाही, एकच आहे.

कापसाच्या आयात-निर्यातीचा नियम वर्षातून एकदाच ठरवा, आणि तो हमीभाव जाहीर करता त्याच दिवशी सांगा, मे महिन्यात, पेरणीच्या आधी. ड्युटी शून्य ठेवायची आहे? ठेवा, पण मे मधे सांगा, मी पऱ्हाटी तीन एकर लावीन आणि बाकी तूर लावीन. निर्यात बंद करायची आहे, ती पण मे मधे सांगा. पुढच्या मे पर्यंत त्याला हात लावू नका. लढाई झाली, टॅरिफ आलं, काही अचानक संकट आलं आणि मधेच बदलावंच लागलं, तर त्या दिवशीच्या भावात आणि हमीभावात जो फरक असेल तो ज्याने विकला त्याच्या खात्यात टाका, मग तो सरकारी केंद्रावर विको की खेडा खरेदीत. सातबारा आहे, ई-पीक पाहणी आहे, आधार जोडलेलं खातं आहे, कुणी किती एकर पऱ्हाटी लावली ते सरकारला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यासाठी वेगळा सर्व्हे लागत नाही.

मी वीस वर्षं पऱ्हाटी करतोय. पाऊस मी धरून चालतो, अळी धरून चालतो, न्यूयॉर्क पण धरून चालतो. यातलं काहीच माझ्या हातात नाही आणि तुमच्याही नाही. पण ऑगस्टचं ते नोटिफिकेशन दिल्लीत टाईप झालं होतं, माणसाने सही केली होती, आणि तुम्ही दहा जण तेव्हा खासदार होतात. पावसाळी अधिवेशन २१ ऑगस्टपर्यंत चालू होतं. दहापैकी किती जण त्या दोन दिवसात यावर उभे राहिले हे मी इथे विचारत नाही, आता विचारून उपयोग नाही. मी पुढचं विचारतोय.

आत्ता हिवाळी अधिवेशन चालू आहे, १९ डिसेंबरपर्यंत. तारांकित प्रश्नाला वेळ गेला असेल पण शून्य प्रहर आहे, नियम ३७७ आहे, दोन-तीन मिनिटं मिळतात. दहा जणांनी एकच वाक्य बोलायचं, "कापसाचं आयात धोरण पेरणीआधी जाहीर करा आणि हंगामभर बदलू नका." वेगवेगळ्या पक्षांच्या दहा जणांनी एका आठवड्यात एकच वाक्य बोललं तर सभागृहात त्याची दखल घ्यावी लागेल. त्यानंतर दहा जणांच्या सहीचं एक पत्र वाणिज्य, वस्त्रोद्योग, कृषी आणि अर्थ या चारही मंत्रालयांना, कारण हे चौघं एकमेकांकडे बोट दाखवतात आणि शेतकरी कुठल्या दारात उभा राहावा त्याला कळत नाही. वेगवेगळी पत्रं नकोत, सह्या एकाच कागदावर पाहिजेत. तो कागद मला मिळाला तर मी प्रिंट काढून दुकानाच्या काचेवर लावीन, नोंदणीला येणारा प्रत्येक माणूस वाचेल, आणि कुणाची सही आहे आणि कुणाची नाही ते पण वाचेल.

माझ्या वावरात अजून एक वेचणी बाकी आहे, सात-आठ क्विंटल निघेल. ती मी यावेळी जानेवारीपर्यंत ठेवणार आहे, जमलं तर. फरदड, म्हणजे त्याच झाडांवर पुन्हा पीक, घेणार नाही, अळी वाढते, पऱ्हाटी उपटून चणा टाकावा असा विचार आहे. आणि मे च्या शेवटच्या आठवड्यात मी पुन्हा कृषी केंद्रात उभा असेन. तेव्हा किती पाकिटं मागायची ते मला तोपर्यंत कळवा.

आपला,
एक कापूस उत्पादक
ता. घाटंजी, जि. यवतमाळ
डिसेंबर २०२५